भाकरीचे धान्य, कोंबडीचे धान्य : प्रस्तावना

केंद्र सरकार दरवर्षी शेतमालाचे हमीभाव जाहीर करते. त्या यादीत भात, गहू, तूर, मूग, सोयाबीन, कापूस सगळे असते, पण वाणाचे नाव घेऊन वेगळा भाव दिलेले धान्य एकच. ज्वारीसमोर दोन ओळी असतात, एक ‘हायब्रीड’ आणि दुसरी ‘मालदांडी’. २०२४-२५ साली हायब्रीडला क्विंटलमागे ३३७१ रुपये होते आणि मालदांडीला ३४२१. त्याच यादीत मका २२२५ रुपयांवर होता. मालदांडी ही सोलापूर जिल्ह्याची लेक. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात इथल्याच गावरान ज्वारीतून निवडून काढलेला हा ‘३५-१’ वाण. त्यानंतर फुले वसुधा, फुले सुचित्रा, फुले रेवती, परभणी मोती असे कितीतरी वाण आले. त्यांतले काही उत्पन्नात सरस ठरले, पण नवा वाण आला की शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की मालदांडीच्या तोडीची भाकरी होते का, आणि कडबा जनावर खाते का.

हायब्रीड आणि मालदांडी यांतला पन्नास रुपयांचा फरक पौष्टिकतेसाठी नाही. तो टपोऱ्या पांढऱ्या दाण्यासाठी आहे, चवीसाठी आहे आणि खरिपातल्या ज्वारीसारखा हा दाणा ऐन काढणीत पावसात सापडून काळा पडत नाही, यासाठीही आहे. पौष्टिकतेचा प्रश्न वेगळा, आणि त्याची उत्तरे हल्ली फार स्वस्तात मिळतात. २०१८ साली सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी वगैरेंना ‘भरड’ या बिरुदातून सोडवून ‘पौष्टिक तृणधान्ये’ केले. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून जगभर त्यांच्या नावाने साजरे झाले. मका त्या यादीत नव्हता. तेव्हापासून ज्वारी म्हणजे आरोग्य आणि मका म्हणजे कोंबड्यांचे खाद्य, फार तर पावसाळ्यात लिंबू-तिखट लावून खायचे कणीस, अशी वाटणी पक्की झाली आहे. ज्वारीची बिस्किटे, ज्वारीच्या शेवया आणि ज्वारीचा पिझ्झासुद्धा निघाला. या पुस्तकाचा विषय एवढाच, की ही दोन धान्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर ही वाटणी कितपत टिकते. आणि पाहायचे ते सोलापुरात बसून, कारण ज्वारीचे कोठार म्हणवणारा मंगळवेढा याच जिल्ह्यात आहे, रब्बी ज्वारीवर काम करणारे राष्ट्रीय केंद्र याच शहरात आहे, आणि ज्वारीच्या रानात मका शिरतो आहे तोही इथेच.

सुरुवात आहारतक्त्यांपासून करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७१ सालच्या तक्त्यांवर आहारतज्ज्ञांच्या दोन पिढ्या वाढल्या. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत १०.४ ग्रॅम प्रथिने आहेत आणि कोरड्या मक्यात ११.१. म्हणजे मका पुढे. याच संस्थेने देशभरातून नव्याने नमुने गोळा करून २०१७ साली नवे तक्ते काढले. त्यांत ज्वारीत ९.९७ ग्रॅम आणि मक्यात ८.८०. आता ज्वारी पुढे. पहिले तक्ते चुकले होते असे नाही आणि दुसरे ज्वारीचा कैवार घेतात असेही नाही. वाण, जमिनीतले नत्र, पाणी, मोजण्याची पद्धत यांपैकी काहीही बदलले की प्रथिनांचा आकडा एक-दोन ग्रॅमने सहज हलतो. उत्पन्न भरपूर देणाऱ्या मक्यात पिठूळ भाग वाढतो आणि प्रथिनांचा वाटा उतरतो, हेही जगभर दिसलेले आहे. तेव्हा ‘ज्वारीत मक्यापेक्षा प्रथिने जास्त’ हे वाक्य पाकिटावर छापायला ठीक आहे, त्यावर पैज लावू नये.

दोन्ही तक्त्यांत टिकून राहणारे फरक वेगळे आहेत; इथले आकडे २०१७च्या तक्त्यांतले. मक्यात स्निग्धांश ज्वारीच्या दुपटीहून जास्त, ३.७७ ग्रॅमला १.७३. कारण दाणा हातात घेऊन पाहिला तरी कळते. मक्याच्या दाण्याच्या टोकाशी जो पांढुरका अंकुर असतो तो चांगला ऐसपैस असतो, आणि तेल त्यातच साठलेले असते. म्हणूनच मक्याचे पीठ घरात फार दिवस ठेवले की खवट होते. ज्वारीत लोह जास्त, ३.९५ मिलिग्रॅमला २.४९, आणि चुना म्हणजे कॅल्शियम मक्याच्या तिप्पट. पण दोन्ही धान्यांत कॅल्शियम मुळात इतके कमी की तिप्पट होऊनही वाटीभर ताकाची बरोबरी होत नाही. जस्तात मका किंचित पुढे. पिवळ्या मक्याला रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये मालदांडीत फारशी नाहीत. आणि उष्मांक? दोन्हींत ३३४, अगदी तंतोतंत सारखे. ‘ज्वारीने वजन उतरते’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा थांबून वाचावा.

इथेच एक सर्रास होणारी गल्लत सांगून टाकतो. पुष्कळ ठिकाणी कोरड्या ज्वारीची तुलना ओल्या कणसाशी केलेली असते आणि मका अगदीच निःसत्त्व ठरतो. ओल्या दाण्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. पाण्याशी तुलना केली तर कोणतेही धान्य जिंकेल. त्याच न्यायाने हुरडाही ज्वारीपुढे फिका ठरला असता.

प्रथिने किती यापेक्षा कशी, हा प्रश्न जास्त कामाचा आहे. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतली काही शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तृणधान्यांत नेहमी तुटवडा असतो तो लायसिनचा. २०१७च्या तक्त्यांप्रमाणे ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनांत लायसिन २.३१ ग्रॅम आणि मक्याच्या प्रथिनांत २.६४. आता कष्टाचे काम करणारा साठ किलो वजनाचा माणूस धरा. दिवसाला अर्धा किलो पिठाची भाकरी त्याला जड नाही. अर्धा किलो ज्वारीतून त्याला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यांतून १.१५ ग्रॅम लायसिन. अर्धा किलो मक्यातून प्रथिने ४४ ग्रॅम, लायसिन १.१६ ग्रॅम. म्हणजे एकाची प्रथिने जास्त आणि दुसऱ्याची जरा बरी, हिशेब बरोबरीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने त्याला रोज १.८ ग्रॅम लायसिन हवे. दोन्ही धान्ये त्याला दोन-तृतीयांश वाटेवर आणून सोडून देतात.

उरलेली वाट तुरीची डाळ चालते. पन्नास ग्रॅम डाळीतून पाऊण ग्रॅम लायसिन येते आणि बेरीज १.९ वर जाते. पचनात होणारी घट यात धरलेली नाही, ती धरली तर डाळ थोडी वाढवावी लागेल किंवा वाटीभर ताक घ्यावे लागेल. सोलापूरकरांना ऐकायला आवडणार नाही, पण शेंगादाण्याच्या चटणीवर या बाबतीत विसंबता येत नाही. शेंगादाण्यात प्रथिने भरपूर असली तरी त्यांतले लायसिन डाळीच्या निम्म्याच्या आसपास भरते. चटणी चवीसाठी आणि तेलासाठी खावी, लायसिनसाठी आमटीचा वाडगा जवळ ओढावा. ही सगळी आकडेमोड जुन्या जेवणात कुणी केली नव्हती, पण ज्वारीच्या पट्ट्यात तूर, हरभरा, हुलगा ही पिके घेतली गेली आणि एकाच ताटात आली. ज्वारीचा मोठेपणा दाण्यात थोडा आणि या ताटात पुष्कळ आहे, असे माझे मत आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे या ना त्या वाटेने तिथेच येतात.

लायसिनमध्ये बरोबरी असली तरी ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लात मका स्पष्ट मागे आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनांत ते १.०३ ग्रॅम आणि मक्याच्या प्रथिनांत ०.५७. वरच्याच माणसाला दिवसाला पाव ग्रॅम ट्रिप्टोफॅन लागते. अर्धा किलो मका त्याला तेवढेच देतो, मागे काही उरत नाही. अर्धा किलो ज्वारी दुप्पट देते. हे उरणे महत्त्वाचे, कारण शरीर उरलेल्या ट्रिप्टोफॅनपासून नायसिन हे जीवनसत्त्व तयार करते. मक्यात नायसिन आकड्यांत दिसते खरे, पण बरेचसे अशा रूपात बांधलेले असते की आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. बाहेरून मिळत नाही आणि आत तयार होत नाही, अशी दुहेरी अडचण झाली की पेलाग्रा होतो : उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे खरखरीत चट्टे, जुलाब आणि शेवटी भ्रम. १७३५ साली गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत हा रोग टिपला. पुढे इटलीत आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याने हजारो बळी घेतले. बरीच वर्षे तो संसर्गाने होतो असे मानत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून चिकाटीने दाखवून दिले की तो ताटातून येतो, आणि १९३७ साली कॉनराड एल्वेहजेम यांनी नायसिनवर बोट ठेवले.

मजा अशी की ज्या मेक्सिकोत मका जन्मला तिथे पेलाग्रा नव्हता. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, चोळून साल काढून मग पाट्यावर वाटत. बांधलेले नायसिन चुन्याने मोकळे होते, कॅल्शियम वाढते आणि पिठाला चिकटपणा येऊन पातळ पोळी लाटता येते. युरोपने मक्याचे बी नेले, ही कृती तिथेच राहिली. पोर्तुगीजांच्या मार्फत मका आपल्याकडे आला तेव्हाही ती सोबत आली नाही. धान्य गलबतातून येते, त्याचे स्वयंपाकघर येत नाही.

यावरून ज्वारी निर्दोष ठरते असे मात्र समजू नये. सोलापूरपासून तीनशेक किलोमीटरवर हैदराबादच्या रुग्णालयांत पेलाग्राचे रुग्ण यायचे, आणि ते मका नव्हे, ज्वारी खाणारे असायचे. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये असे मांडले की ज्वारीतल्या जादा ल्युसिनमुळे शरीराचा नायसिनचा हिशेब बिघडतो. त्यावर पुढे बराच वाद झाला, सगळ्यांनी ते मान्य केले नाही. पण रुग्णांविषयी वाद नव्हता. ते भूमिहीन मजूर होते आणि वर्षातले कित्येक महिने भाकरीसोबत मीठ-मिरचीपलीकडे त्यांना काही मिळत नव्हते. नुसतीच ज्वारी आणि नुसताच मका, दोन्ही माणसाला शेवटी एकाच जागी नेऊन बसवतात.

ज्वारीची दुसरी उणीव तिच्या शिजण्यात आहे. तिच्या प्रथिनांचा मोठा भाग काफिरिन नावाचा. मक्यात त्याच जागी झेइन असते. दोघे एकाच घराण्यातले. पण पाण्यात शिजवल्यावर काफिरिनचे धागे एकमेकांत इतके घट्ट गुंततात की पाचक रसांना ते सुटत नाहीत. पेरू देशात लिमा इथे कुपोषणातून बऱ्या होत असलेल्या लहान मुलांना ज्वारीची पेज देऊन केलेला अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. मुलांनी त्यातले जेमतेम ४६ टक्के नत्र शोषले. मक्याचा आकडा ७३ होता. ज्वारीच्या अभ्यासकांना हा निकाल चांगलाच झोंबला. नंतर दिसले की सुदानात ज्वारीचे पीठ आंबवून करतात त्या किस्रा या पातळ घावनात पचन बरेच सुधारते. म्हणजे पेज आणि आंबवलेले अन्न यांत धान्य एकच असून पोषण वेगळे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. काफिरिनचे हे जाळे पिठूळ कणांभोवतीही असते, त्यामुळे ज्वारीतल्या पिष्टाचे पचन सावकाश होते आणि रक्तातली साखर एकदम उसळी घेत नाही. ‘ज्वारीची भाकरी पोटाला आधार धरते’ असे आपल्याकडे म्हणतात ते यामुळेच. लिमातल्या अशक्त बाळाला जे नडले तेच इथल्या पन्नाशीतल्या मधुमेह्याला फायद्याचे ठरते. म्हणून ‘ज्वारी चांगली की मका’ असे कुणी विचारले तर आधी विचारावे लागते, की कुणासाठी? दोन वर्षांच्या मुलाला ज्वारीची पेज भरवायची तर सोबत दूध-डाळ हवीच. आणि मधुमेही माणसाने ज्वारी आहे म्हणून चार भाकरी हाणल्या तर पिष्ट हळू पचले तरी चार भाकरींचेच पचणार.

सोलापूरच्या स्वयंपाकघरात ज्वारीची रूपे अनेक आहेत, त्यांतली तीन इथे घेतो. पहिली रोजची भाकरी. तिला पीठ ताजे लागते. दळून आठवडा झाला की पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात; मग कोमट पाणी, तेही पुरले नाही तर थोड्या पिठाची उकड काढून त्यात मळायचे. ज्वारीत गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो, त्यामुळे बांधणी होते ती भिजलेल्या पिष्टाची आणि तळव्याने रगडून मळण्याची. काठवटीत हाताखाली गोल फिरत गेलेली भाकरी तव्यावर पाण्याचा हात फिरवून टाकली, उलटली आणि निखाऱ्यावर टम्म फुगली की वरचा पापुद्रा वेगळा सुटतो. मक्याच्या पिठाची भाकरीही होते, पण ती जाड राहते आणि निवली की लाकूड. दुसरे रूप कडक भाकरी. पातळ थापून, भाजून, पुन्हा मंद आचेवर खडखडीत वाळवलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते आणि हल्ली सोलापुरातून पाकिटे भरून पुण्या-मुंबईला जाते. तिसरे रूप आंबील. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, म्हणजे येळवशीला, शेतात पांडवांची पूजा करून भज्जी, उंडे आणि मडक्यातली ताकातली आंबील खायची असते. पिठाला ताकात आंबू दिल्याने लोह अडवून धरणारे फायटिक आम्ल काही प्रमाणात फुटते, प्रथिने पचायला हलकी होतात आणि ताकाचे लायसिनही पोटात जाते. पोषणशास्त्राला हवे असलेले जवळजवळ सगळे त्या मडक्यात आहे, फक्त वर्षातून एक दिवस.

हल्लीच्या एका खुळाबद्दल सावध करायला हवे. कडधान्यांना मोड आणतात तसे ज्वारीला मोड आणून कच्चे खाण्याचा सल्ला कुठे कुठे दिला जातो. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य तयार होते आणि त्यातून विषारी सायनाइड सुटते. कोवळ्या ज्वारीत घुसलेले जनावर तडफडून पडते ते याच कारणाने, आणि हे शेतकऱ्याला ठाऊक असते. वाळल्या दाण्यात हा धोका नाही. मक्याच्या वाट्याला हे विष आलेले नाही, ते त्याच्या बाजूने लिहून ठेवावे.

मक्याचा धोका साठवणीत आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी आली, तोच मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, आणि यकृत निकामी होऊन शंभरावर माणसे दगावली. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे त्याचे कारण होते. ज्वारी याला पूर्ण अपवाद नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावर भिजलेली ज्वारी आणि भिजलेला मका, दोन्ही खाणाऱ्यांना पोटाचा त्रास झाला. पण सोलापूरच्या रब्बी ज्वारीचे नशीब असे, की ती माघ-फाल्गुनाच्या कोरड्या उन्हात काढली जाते, खळ्यावर खणखणीत वाळते आणि मगच घरात येते. पूर्वी ती पेवात जाई. काळ्या मातीखालच्या मुरमात खणलेल्या पेवाला कडबा-भुसकट लावून दाणे भरले आणि तोंड लिंपून टाकले की आत हवा उरत नाही. किडा जगत नाही आणि धान्य कित्येक वर्षे टिकते. उघडल्यावर लगेच आत उतरलेला माणूसही गुदमरून मरतो, म्हणून ते आधी वारे देऊन मोकळे करत. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारे लोकांसाठी खुली केली अशी परंपरा सांगते. कोठारे खुली करायला कोठारांत धान्य टिकलेले असावे लागते, हा त्या कथेतला शेतीचा भाग कीर्तनात सहसा येत नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तरी तो आठवायला हरकत नव्हती.

आता रानाकडे वळू. जिल्ह्यात पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला भरवशाचा पाऊस भाद्रपद-आश्विनातला. तो खोल काळ्या जमिनीत मुरतो आणि त्या ओलीवर ज्वारी पेरली जाते. पेरणीनंतर एकही पाऊस झाला नाही तरी पीक हाती येऊ शकते. ताण पडला की ज्वारी पाने गुंडाळते, वाढ थांबवते, ओल मिळाली की पुन्हा उभी राहते. मक्याला ही थांबण्याची कला येत नाही. तुरा आणि स्त्रीकेसर येण्याच्या पंधरवड्यात पाणी चुकले तर कणीस दाण्यांविना बोडके राहते. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले ते याच ओलीचा हिशेब मांडण्यासाठी. आज उजनीचे पाणी, विहिरी आणि ठिबक असलेल्या रानात मका येतो आणि एकरी ज्वारीच्या कितीतरी पट पिकतो. पाणी असलेला शेतकरी मका घेतो यात त्याचे काही चुकत नाही. ज्वारी उपटायला, कणसे मोडायला, पेंढ्या बांधायला मजूर मिळत नाहीत, आणि मका यंत्राने निघतो. गोठ्यातल्या संकरित गाईला मुरघासही लागतो.

मग हा मका जातो कुठे? सोलापूरच्या ताटात तो भाकरी होऊन येत नाही. कोंबडीखाद्यात निम्म्याहून जास्त मकाच असतो; तो अंडे होऊन येतो, आणि बलकाचा पिवळेपणा मक्याच्या त्याच कॅरोटिनॉइडांचा असतो. मुरघास होऊन तो दुधात उतरतो, आणि काही मका पिष्टाच्या आणि इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. म्हणजे ज्याच्या प्रथिनांना आपण कमी प्रतीची म्हटले त्या मक्याचे कोंबडीच्या पोटातून उत्तम प्रतीचे प्रथिन होऊन निघते, ज्याला परवडते त्याच्यासाठी. अंड्याने लायसिनचाही प्रश्न सुटतो आणि नायसिनचाही. ज्वारीचीही अशीच दुसरी वाट आहे. तिचा कडबा मालदांडीच्या हिशेबात दाण्याइतकाच धरला जातो, दुष्काळी वर्षात तर दाण्याआधी कडब्याचा भाव विचारतात. पण आहारतक्त्यात कडब्याला रकाना नाही.

भाकरीचे धान्य कोणते आणि जनावराचे कोणते, हे दाण्याने ठरलेले नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात जी लाल ‘मिलो’ आली आणि ज्वारीवर वाढलेल्या माणसांनी नाक मुरडत खाल्ली, तीही ज्वारीच होती, अमेरिकेत गुराढोरांसाठी पिकवलेली. तिकडे ज्वारी गोठ्यात आणि सीमेपलीकडे मेक्सिकोत मका ताटात. इकडे अगदी उलट.

सध्या मात्र ताट वेगळ्याच कारणाने बदलते आहे. ज्या वर्षी मालदांडीचा हमीभाव ३४२१ रुपये होता त्याच वर्षी गव्हाचा २२७५ होता, आणि रेशनवर गहू-तांदूळ जवळजवळ फुकटात मिळतात. ज्या मजुराच्या घरी दोन्ही वेळा भाकरी असायची तिथे चपाती-भात आला, आणि ज्वारी शहरातल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने उच्च मध्यमवर्गात गेली. तिच्या लोहाची खरी गरज आहे ती पहिल्या घरातल्या मुलींना आणि बाळंतिणींना. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेसोबत तयार केलेला ‘परभणी शक्ती’ हा २०१८ चा वाण किलोमागे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त देतो. मक्याच्या बाजूला सुरिंदर वासल आणि एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी लायसिन-ट्रिप्टोफॅन वाढवलेला मका घडवला आणि त्यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. एका ज्वारीत आणि दुसऱ्या ज्वारीत, एका मक्यात आणि दुसऱ्या मक्यात जेवढे अंतर पडू शकते, तेवढे कधीकधी ज्वारी आणि मका यांच्यातही नसते.

वाचकांसाठी एक-दोन सूचना. पुढच्या प्रकरणांत वेगळे सांगितलेले नसेल तिथे आकडे १०० ग्रॅम कोरड्या, अख्ख्या धान्याचे आहेत आणि २०१७च्या तक्त्यांतून घेतले आहेत. तयार भाकरीत तिसरा हिस्सा तरी पाणी असते, म्हणून भाकरीचे वजन करून हे आकडे लावू नयेत, पीठ मोजावे. ज्वारीतल्या टॅनिनविषयी परदेशी ग्रंथांत जे इशारे असतात ते मुख्यतः तांबूस-तपकिरी ज्वारीचे आहेत, पांढऱ्या मालदांडीला ते लागू पडत नाहीत. हुरड्यावर, म्हणजे गूळभेंडी आणि तिच्या बहिणींवर, स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात आकडे थोडे आहेत आणि आगटीभोवतीच्या गप्पा जास्त, ज्यांना नुसतेच पोषण हवे त्यांनी ते ओलांडून पुढे जावे.